सह्याद्री जिथे शिजला

मॉरिशसमधल्या एका घराच्या मागच्या अंगणात, नळाशेजारी, काळा दगड मांडलेला होता. दीड हात लांब, वरून सपाट, वापरून वापरून मधोमध किंचित खोलगट झालेला. घरातल्या आजींनी त्यावर लसूण, आलं आणि भिजवलेल्या लाल मिरच्या घेतल्या, पाण्याचा हबका मारला आणि आडवा दगडी लोळा दोन्ही हातांनी पुढेमागे ओढायला सुरुवात केली. कमरेतून वाकायची ढब, दर चार फेऱ्यांनंतर कडेला गेलेला मसाला बोटांनी मध्ये ओढून घ्यायची सवय, सगळं ओळखीचं. नाव तेवढं वेगळं. दगडाला क्रिओल भाषेत म्हणतात ‘रॉस कारी’, कालवणाचा दगड. आणि वरवंट्याला? ‘बाबा रॉस’. दगडाचं बाळ.

मला हसू आलं. आपल्याकडे बारशाला वरवंट्यालाच कुंची घालतात, त्याला पाळण्याखालून-वरून फिरवतात. आजींचे पणजोबा कोकणातून ऊसमळ्यांवर राबायला आलेले. त्यांना आरत्या पाठ आहेत, बोलणं मात्र सगळं क्रिओलमध्ये. नातू मध्ये बसून आमचं एकमेकांना समजावून सांगत होता. पणजोबांच्या गावाचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

‘हा दगड कुठून आणला?’ मी विचारलं.

‘इथलाच,’ आजी म्हणाल्या. ‘डोंगराचा.’

मी त्यावरून हात फिरवला. बारीक कणाचा, करडा-काळा, कडेला मोहरीएवढी दोन-चार भोकं. लहानपणी आमच्या गल्लीत वर्षातून एकदा पाट्याला टाकी लावणारी बाई यायची. छिन्नी लावण्याआधी ती दगडावर हातोडीची एक टिचकी मारून आवाज ऐकायची. भोकाळ दगड असेल तर तोंड वाकडं करायची: चटणीत कच येते. हा पाटा तिच्या पसंतीला उतरला असता. भोर-महाडच्या मधला कुठलाही कडा फोडला तर हाच दगड निघतो. मुंबईपासून जवळजवळ पाच हजार किलोमीटर दूर, समुद्राच्या मध्यावर, हा इथे कसा?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला भूगर्भशास्त्रज्ञांना विसाव्या शतकाचा बराचसा भाग खर्च करावा लागला. त्या उत्तरात आपला सह्याद्री आहे, लक्षद्वीप-मालदीवची प्रवाळबेटं आहेत, मॉरिशस आहे आणि आजही धगधगणारं एक फ्रेंच बेट आहे.

पायऱ्यांचा देश

पावसाळा सरत आला की वरंधा घाटात जावं. गवत पिवळं पडू लागलेलं असतं आणि डोंगराच्या उघड्या अंगावरच्या आडव्या रेघा स्वच्छ दिसतात. कडा, मग गवताचा पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा गवत. भूशास्त्र शिकवणारा माझा एक मित्र म्हणतो, ‘खालून मोजत जा. प्रत्येक कडा म्हणजे एकेकाळी वाहिलेला लाव्हा.’ थराचा मधला भाग सावकाश निवला म्हणून घट्ट. तो कडा होऊन उभा राहतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ. तो लवकर कुजतो, त्याची माती होते आणि तिच्यावर गवत धरतं. विहिरी खणणाऱ्यांना हा फरक पुस्तकाविना कळतो. घट्ट थराला ते काळा पाषाण म्हणतात, पांढऱ्या ठिपक्यांच्या भोकाळ थराला मांजऱ्या. ते पांढरे ठिपके म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळीत मागाहून वाढलेले स्फटिक. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत तर या पोकळ्यांतून कॅव्हनसाइट नावाचं गर्द निळं खनिज निघतं आणि जगभरचे संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात.

दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे विटकरी रंगाची पट्टी दिसते. एक लाव्हा निवला, त्याची माती झाली आणि मग तिच्यावर पुढचा लाव्हा आला, असा तिचा अर्थ. म्हणजे हे सगळं एका दमात घडलेलं नाही. मधे उसंत होती.

या पायऱ्यांवरूनच खडकाला नाव पडलं. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रापा’ म्हणतात. इंग्रजीत त्याचं ‘ट्रॅप’ झालं. मुंबई सरकारच्या नोकरीतले विल्यम सायक्स यांनी १८३३ मध्ये दख्खनच्या भूरचनेवर लिहिलं तेव्हा हा शब्द इथल्या खडकाला लागला तो कायमचा. शाळेत ‘डेक्कन ट्रॅप’ ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, आपण कुठल्या तरी सापळ्यावर राहतो.

आज हा खडक, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग त्याच्याखाली झाकलेला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगणातही तो आहे, आणि एक लोंढा तर पार राजमहेंद्रीपर्यंत, बंगालच्या उपसागराच्या काठाला पोचला. पश्चिमेकडचा बराच भाग अरबी समुद्राखाली आहे. जाडी सगळीकडे सारखी नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत छिद्र पाडलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. कोयनेला, १९६७ च्या भूकंपाचं मूळ शोधायला अलीकडे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तिथे बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागायला सुमारे साडेबाराशे मीटर उतरावं लागलं. पूर्वेकडे पातळ, पश्चिमेकडे जाड: साय एका कडेला गोळा व्हावी तशी.

या थरांची वंशावळ लावण्याचं काम १९८० च्या दशकात मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी नेटाने केलं. घाटाघाटातून नमुने गोळा करून, रासायनिक घटकांवरून कुठला लाव्हा कुठल्या घराण्याचा ते ठरवलं. आज अमेरिकेत किंवा जपानमध्ये कुणी या विषयाचा विद्यार्थी असेल तर त्याला खालून वर ही नावं पाठ असावी लागतात: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. एसटीच्या वेळापत्रकासारखी ही यादी जगातल्या नियतकालिकांत छापून येते.

वयही पक्कं ठरलं आहे: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. बहुतेक सगळा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. एखादं शंकूसारखं शिखर फुटून तो आलेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो वाहत राहिला. धुळे-नंदुरबारकडे माळावर पडक्या तटबंदीसारख्या काळ्या भिंती दिसतात, त्या या भेगांत गोठून राहिलेल्या लाव्हाच्या. याच सुमारास मेक्सिकोत चिक्शुलुब इथे अशनी आदळला आणि डायनोसॉर संपले. त्यात आपल्या लाव्हाचा हात किती, यावर दोन तट अजून हमरीतुमरीवर आहेत. २०१९ मध्ये एकाच नियतकालिकात एकाच दिवशी दोन चमूंनी दख्खनची सूक्ष्म कालगणना छापली आणि दोघांची जुळणी पूर्ण झाली नाही.

दगडातली सुई

लाव्हा वाहिला तेव्हा आपण कुठे होतो? हा प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो. डोंगर आहे तिथेच असणार.

१९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने खंडं सरकतात असं मांडलं, तेव्हा बहुतेकांचं उत्तर हेच होतं. खंडं सरकतात तर कशाच्या जोरावर, याचं पटेल असं कारण त्याच्याजवळ नव्हतं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा मृत्यू झाला, आणि त्याची कल्पना पुढे वीसेक वर्षं चेष्टेचा विषय होऊन राहिली. तिला पुन्हा उभं करणाऱ्या पहिल्या पुराव्यांत आपला काळा पाषाण होता.

बेसाल्टमध्ये लोहयुक्त खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा निवत जाऊन ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की हे कण त्या क्षणीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. म्हणजे प्रत्येक थरात जणू लाखो होकायंत्रं गोठलेली. होकायंत्राची सुई नुसती उत्तर-दक्षिण दाखवत नाही, ती खाली-वरही कलते. विषुववृत्तावर आडवी, ध्रुवाकडे जावं तशी अधिकाधिक तिरकी. कुठलं टोक झुकलंय यावरून गोलार्ध कळतो, किती झुकलंय यावरून अक्षांश. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात, तो हिशेब वेगळा मांडावा लागतो, पण मांडता येतो.

१९५१ मध्ये केंब्रिजमध्ये एडवर्ड आयर्विंग नावाचा विद्यार्थी खडकांतली ही सुई वाचायला शिकत होता. संख्याशास्त्रज्ञ रोनल्ड फिशर यांनी त्याला सुचवलं: वेगेनर खरा असेल तर भारत फार लांबून आलेला असला पाहिजे, तिथले दगड तपास. भारतातून दख्खनचे थोडेसे नमुने मागवले गेले. त्यातली सुई दक्षिण गोलार्ध दाखवत होती. आयर्विंगच्या प्रबंधाला १९५४ मध्ये केंब्रिजने पदवी नाकारली. पण धागा तुटला नाही. १९५६ मध्ये लंडनच्या क्लेग, डॉइश आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनचे अधिक नमुने मोजून तेच सांगितलं. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइशबरोबर या खडकांवर काम केलं. उत्तर बदललं नाही. हा लाव्हा निवला तेव्हा महाराष्ट्राची जमीन विषुववृत्ताच्या खाली, दक्षिण अक्षांश ३० च्या आसपास होती.

सह्याद्री इथला नाही. निदान शिजला तरी इथे नाही.

शिवणयंत्राची सुई

जमीन सरकते हे एकदा मान्य केलं की पुढचे दुवे भराभर सापडले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या हॅरी हेस यांनी मांडलं की समुद्राच्या मध्यातल्या पर्वतरांगांवर नवा सागरतळ तयार होतो आणि दोन्हीकडे सरकत जातो. त्याच वर्षी ‘ओवेन’ हे ब्रिटिश जहाज हिंदी महासागराच्या वायव्य भागात कार्ल्सबर्ग रांगेवरून चुंबकीय मोजणी करत गेलं. त्या आकड्यांवरून फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये दाखवलं की रांगेच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट चुंबकत्वाचे पट्टे आहेत. सागरतळ पसरतो याचा तो हिशेबाचा कागदच होता, आणि तो लिहिलेला होता आपल्याच पश्चिम समुद्राच्या तळावर.

यातून भूपट्टांचं चित्र उभं राहिलं. पृथ्वीचं वरचं कठीण कवच सुमारे शंभर किलोमीटर जाडीचं, पण अखंड नाही. मोठाले सात-आठ आणि लहान काही तुकडे, सगळे सरकते. बहुतेक ज्वालामुखी या तुकड्यांच्या शिवेवर असतात: जिथे ते एकमेकांपासून फाटतात किंवा एक दुसऱ्याखाली शिरतो तिथे. मग हवाईचं काय? प्रशांत महासागराच्या भूपट्टाच्या ऐन मध्यावर, जवळच्या शिवेपासून हजारो किलोमीटर आत, तिथले ज्वालामुखी कसे पेटतात?

कॅनडाच्या जॉन टुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये उत्तर दिलं. हवाईची बेटं एका रांगेत आहेत आणि वायव्येकडे जावं तशी ती म्हातारी होत जातात. विल्सन म्हणाले, खाली, भूपट्टाच्याही खाली, एक तापलेली जागा आहे आणि ती जागची फारशी हलत नाही. वरून भूपट्ट सरकतो. जो भाग त्या जागेवर येतो तिथे बेट उगवतं, पुढे सरकलं की विझतं, आणि मागून दुसरं. एका नावाजलेल्या नियतकालिकाने हा लेख परत पाठवला, तेव्हा त्यांनी तो कॅनडाच्या भौतिकीच्या नियतकालिकात छापून आणला. हवाईच्या मूळ रहिवाशांच्या कथांत अग्निदेवता पेले ही वायव्येच्या बेटांवरून एकेक बेट खणत आग्नेयेला आली. तिचा प्रवास आणि विल्सनचा क्रम एकच आहे.

शिंप्याच्या दुकानात उभं राहिलं की ही कल्पना डोळ्यांसमोर घडते. सुई जागच्या जागी वरखाली होते, कापड सरकतं, आणि शिवण कापडावर लांब होत जाते. शिवणीकडे पाहून कापड कुठल्या दिशेने, किती वेगाने ओढलं ते सांगता येतं. फरक इतकाच की इथे सुई खालून टोचते. जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये या सुईला खोली दिली. त्यांच्या मते तप्तस्थळ म्हणजे पृथ्वीच्या पोटातून, कवच आणि गाभा यांच्यामधल्या प्रावरणाच्या तळाकडून वर येणारा तापलेल्या खडकाचा स्तंभ.

खडक वर येतो म्हणजे खाली लाव्हाची टाकी भरलेली आहे असं नव्हे. प्रावरण घन आहे, फक्त कोट्यवधी वर्षांच्या मापाने ते मळलेल्या कणकेसारखं सावकाश वाहतं. तापलेला खडक वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो वितळू लागतो. प्रेशर कुकरमधलं पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही शांत असतं. दाब गेला की त्याच तापमानाला उसळतं. तसंच हे. मॉर्गनच्या कल्पनेला पुढे प्रयोगशाळेतल्या घट्ट द्रवांनी आकार दिला. नव्याने उगवणाऱ्या अशा स्तंभाला आधी अळंबीसारखं भलंमोठं डोकं असतं आणि मागे बारीक देठ. डोकं पृष्ठभागाशी पोचतं तेव्हा प्रचंड वितळण होतं, आणि देठ नंतर कोट्यवधी वर्षं एकेक बेट काढत राहतो.

दख्खनचा लाव्हा म्हणजे त्या डोक्याचा प्रताप. देठाची शिवण दक्षिणेकडे समुद्रात शोधायची.

घर दुभंगलं

नकाशात केरळच्या पश्चिमेला लक्षद्वीप, त्याखाली मालदीव, त्याखाली चागोस: एकाखाली एक, जवळजवळ सरळ ओळीत. पाण्याखाली ही सलग डोंगररांग आहे. वर दिसतात ती फक्त प्रवाळाची कंकणं, समुद्रापासून मीटर-दोन मीटर उंच. त्यांच्यावर ज्वालामुखीचा एक खडा सापडायचा नाही.

१९८७ मध्ये ‘जॉयडीस रेझोल्यूशन’ हे संशोधन-जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुईहून निघालं आणि या रांगेवर ठिकठिकाणी सागरतळात छिद्रं पाडत उत्तरेला गेलं. प्रवाळ आणि गाळाच्या खाली बेसाल्ट लागला. मालदीवजवळ त्याचं वय निघालं सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षं. चागोसजवळ ४ कोटी ९० लाख. पलीकडे मॉरिशसच्या उत्तरेच्या बुडालेल्या पठाराच्या कडेला ३ कोटी ३० लाखांच्या आसपास. खुद्द मॉरिशस ८०-९० लाख वर्षांचं आणि त्याच्या नैर्ऋत्येचं फ्रेंच बेट रियुनियन, समुद्रावर डोकं काढून, जेमतेम २० लाख वर्षांचं. दख्खनपासून रियुनियनपर्यंत वय पायरी-पायरीने उतरत जातं.

या शिवणीवरून भारताचा वेगही निघतो. दख्खनच्या सुमारास आपला भूपट्ट वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक सरकत होता. एका वितीहून थोडं कमी, पण डोंगर-दऱ्यांसकट अख्ख्या उपखंडाने. पुढे आशियाला धडकल्यावर तो मंदावला आणि हिमालय उभा राहिला.

चागोस आणि मॉरिशसच्या पठारामध्ये मात्र समुद्राचं मोठं अंतर आहे. शिवण इथे तुटलेली दिसते. कारण असं की सुमारे साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वी भारताचा आणि आफ्रिकेचा भूपट्ट जिथे फाटतो ती समुद्रतळीची रांग त्या तप्तस्थळाच्या डोक्यावरून सरकली. काल त्याच्या वर भारताचा भूपट्ट होता, आज आफ्रिकेचा आला. त्याआधीचे टाके भारताच्या कापडावर, नंतरचे आफ्रिकेच्या. एकेकाळी शेजारी-शेजारी असलेले डोंगर दोन दिशांना गेले आणि दर वर्षी आणखी लांब जात आहेत. आपल्याकडे भाऊ वेगळे होतात तेव्हा वेगळी चूल मांडतात. इथे उलटं झालं. चूल एकच राहिली, घर दुभंगलं.

चुलीवरून उतरलेलं बेट फार दिवस उभं राहत नाही. भूपट्ट निवतो, आक्रसतो आणि बेटाला घेऊन हळूहळू खाली बसतो. वरून पाऊस झिजवत असतो. पाणी उबदार असेल तर बेटाच्या काठाने प्रवाळ वाढत राहतं, बेट एक बोट खाली गेलं की प्रवाळ एक बोट वर. शेवटी मधला डोंगर बुडतो आणि भोवतीचं कंकण तेवढं उरतं. चार्ल्स डार्विन १८३६ च्या एप्रिलअखेर मॉरिशसला उतरला तेव्हा या प्रवाळकंकणांचं कोडं त्याच्या डोक्यात घोळत होतं, आणि १८४२ च्या पुस्तकात त्याने ते असंच सोडवलं. भूपट्ट वगैरे काहीही ठाऊक नसताना. रियुनियन, मॉरिशस, मालदीव ही तीन नावं ओळीने वाचली तर एका बेटाचं तारुण्य, उतारवय आणि अखेर वाचल्यासारखं होतं.

चूल अजून पेटती

मॉरिशसहून रियुनियनला विमान पाऊण तासात जातं. बेट २,५१२ चौरस किलोमीटरचं, पण त्यावरचं पितों दे नेझ हे शिखर ३,०७० मीटर. कळसूबाई १,६४६. आणि हे फक्त पाण्यावरचं. पायथा समुद्रात आणखी चार हजार मीटर खाली आहे. पितों दे नेझ हजारो वर्षांपासून विझलेलं आहे. जिवंत आहे तो त्याच्या आग्नेयेचा पितों द ला फुर्नेझ, २,६३२ मीटरचा. फुर्नेझ म्हणजे भट्टी. सतराव्या शतकापासून त्याचे दीडशेहून अधिक उद्रेक नोंदले गेले आहेत.

पा द बेल्कोंब नावाच्या कड्यावर पहाटे पोचलो. समोर घोड्याच्या नालाच्या आकाराची विस्तीर्ण खोलगट, तळाशी सगळं काळं, मध्ये ज्वालामुखीचा सुळका नव्हे तर पसरट घुमट. दुरून पालथ्या ढालीसारखा. बेसाल्टचा लाव्हा पातळ असतो, उंच साचत नाही, वाहत जातो. म्हणून ही ढब. कड्याच्या अंगावरून पायऱ्या उतरून खाली गेलं की पायाखालचा खडक कुरकुरतो. कुठे तो दुधावरची साय बोटाने सरकवावी तसा चुण्या पडून गोठलाय, कुठे नांगरटीच्या ढेकळांसारखा खडबडीत. एक चपटा तुकडा उचलला. वरची कड भोकाळ, खालची घट्ट. वरंधा घाटात जे चाळीस-पन्नास हात उंचीत पाहिलं होतं ते इथे तळहातावर मावलं.

एप्रिल २००७ मध्ये इथे शतकातला मोठा उद्रेक झाला. खालून लाव्हा इतका वाहून गेला की शिखरावरच्या दोलोम्यू विवराचा तळ ३०० मीटरहून अधिक खचला. लाव्हा समुद्रापर्यंत पोचला आणि बेटाला नवी जमीन जोडली गेली. पूर्व किनाऱ्याचा रस्ता अशा प्रवाहांना ओलांडत जातो. लाव्हा येतो, रस्ता पुरला जातो, काही महिन्यांनी तो निवला की सरकार पुन्हा त्यावरून डांबर घालतं. कडेला वर्षांच्या पाट्या आहेत. जुन्या प्रवाहावर झाडी, त्यानंतरच्यावर नेचे, नव्यावर फक्त राखाडी दगडफूल. विटकरी पट्टीची माती कशी तयार होत असेल ते इथे चालता चालता कळतं.

१९७७ मध्ये लाव्हा पितों सेंत-रोझ या गावात शिरला. घरं गेली. चर्चच्या दारापर्यंत येऊन तो दोन बाजूंना वळला आणि आत फारसा न जाता थांबला. भाविकांसाठी तो चमत्कार. भिंतीला टेकलेला काळा लाव्हा आजही तिथे आहे आणि चर्चचं नावच आता लाव्हाची देवमाता असं आहे. त्या उद्रेकानंतर, १९७९ मध्ये, सरकारने डोंगराशेजारी वेधशाळा उभारली. आता जमीन केसभर फुगली तरी तिथे नोंद होते.

पाऊसही ओळखीचा, फक्त बेभान. फेब्रुवारी २००७ मध्ये एका चक्रीवादळात इथल्या कोमेर्सों विवरापाशी तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पाऊस पडला, हा जागतिक विक्रम आहे. महाबळेश्वरला अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त. अशाच पावसाने पितों दे नेझचं अंग कोरून तीन प्रचंड दऱ्या केल्या आहेत. त्यातल्या माफातमध्ये आजही रस्ता नाही. चालत जायचं किंवा हेलिकॉप्टरने. कड्यांवर आडव्या रेघा, मधे हिरवे पट्टे. माझ्या वहीत त्या संध्याकाळी एकच ओळ आहे: ‘रायगडाच्या मागे उभा असल्यासारखं वाटलं.’

सुई जरा हलते

गोष्ट इथे संपवली असती तर फार नीटस झाली असती. शास्त्र इतकं नीटस नाही.

दख्खनमधली सुई ३० दक्षिण सांगते आणि रियुनियन आहे २१ दक्षिणेवर. म्हणजे एक तर चूल स्वतःच थोडी सरकली, किंवा पृथ्वीचं अख्खं कवच अक्षाच्या मानाने थोडं फिरलं, किंवा दोन्ही. मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांनी तर २००५ मध्ये दख्खन आणि रियुनियन यांना जोडणारा स्तंभच नाकारला. भारतापासून सेशेल्सचा तुकडा फाटून निघत होता, त्या फाटण्यातच इतक्या लाव्हाचं कारण आहे, असा त्यांचा युक्तिवाद. बहुसंख्य अभ्यासक अजून स्तंभाच्या बाजूचे आहेत, पण त्यांनाही तो सरळ नळासारखा दाखवता आलेला नाही. २०१२-१३ मध्ये फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी रियुनियनभोवती समुद्राच्या तळाशी ५७ भूकंपमापकं ठेवली, वर्षभर दूरदूरच्या भूकंपांचे धक्के टिपले आणि त्यावरून पोटातलं चित्र काढलं. २०२१ मध्ये छापलेलं ते चित्र झाडासारखं आहे. खोड दक्षिण आफ्रिकेखाली, २,९०० किलोमीटरवर, गाभ्याला टेकलेलं. फांद्या तिरक्या वर आलेल्या. रियुनियन एका फांदीच्या टोकाशी.

मॉरिशसनेही एक धक्का दिला. २०१३ मध्ये तिथल्या पुळणीच्या वाळूत आणि २०१७ मध्ये लुईस अॅशवॉल यांच्या चमूला थेट खडकात झिरकॉन या खनिजाचे बारीक कण सापडले. खडक साठ लाख वर्षांचा, त्यातले कण अडीच ते तीन अब्ज वर्षांचे. लाव्हा वर येताना वाटेतला कुठला तरी फार जुना खडक खरवडून आला होता. भारत आणि मादागास्कर वेगळे झाले तेव्हा एका प्राचीन खंडाची फाक मध्येच राहून गेली आणि तिच्यावर नंतर मॉरिशस उगवलं, असा त्याचा अर्थ. तिला मॉरिशिया असं नावही दिलंय. नव्या कोऱ्या बेटाच्या पोटात कुणाचं तरी जुनं गाव निघालं.

पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. हिंदुस्थानातून आलेले करारी मजूर बोटीतून उतरले की याच दगडी पायऱ्या चढून बेटावर पाऊल ठेवायचे. पायऱ्या सोळा आहेत. मी त्या खालून वर मोजल्या, मित्राने घाटात कडे मोजायला शिकवले होते तशा. सह्याद्रीच्या कुशीतून निघालेली माणसं समुद्र ओलांडून त्याच चुलीच्या धाकट्या डोंगरावर उतरत होती, आणि हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. कळलं असतं तरी उसाच्या मळ्यात त्याचा काय उपयोग? उसासाठी जमीन साफ करताना त्यांनी उचललेल्या काळ्या धोंड्यांचे ढीग शेतांच्या मध्ये अजून उभे आहेत.

पुण्यात परत आल्यावर गच्चीवर गेलो. मिक्सर आला तेव्हापासून आमचा पाटा तिथे तुळशीच्या कुंडीखाली आहे. कुंडी बाजूला केली, पाटा धुतला. याही दगडात ती सुई असणार, ६ कोटी ६० लाख वर्षं एकच दिशा धरून बसलेली. पण ती आता कुणाला वाचता येणार नाही. सुईचा अर्थ लावायला दगड डोंगरात कसा बसला होता, कुठली बाजू वर, कुठली उत्तरेला, ते माहीत लागतं. पाथरवटाने खाणीतून उचलला तेव्हाच ती नोंद गेली. घाटातल्या त्याच्या भावंडांचा पत्ता लागला. याचा लागणार नाही.

आजींच्या नातवाला हे कळवलं. त्याचा निरोप आला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत करारी मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, गाव. पुढच्या आठवड्यात तो आजींच्या पणजोबांचा नोंदणीचा नंबर घेऊन तिथे जाणार आहे.